सतरा नंबरची ओळ

सतरा नंबरची ओळ रिकामी होती.

पुष्पाने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. ओळ रिकामीच राहिली. वरच्या सोळा नंबरला जामनेरकडचं कुणाचं तरी लग्न. खालच्या अठरा नंबरला झुलाल नानांचं: २३ नोव्हेंबर १९३८, काळी शाई, साक्षीदारांचे दोन ठसठशीत अंगठे. आणि मध्ये, जिथे तिच्या आईबापाचं लग्न असायला हवं, तिथे तारीख आणि दोन नावं पेन्सिलीने लिहिलेली. पुढे वीतभर कोरी जागा. समासात एकच शब्द, तोही पेन्सिलीने: ‘थांबावे.’

हॉलच्या मागच्या खोलीत आठ दिवस ती ही दप्तरं लावत बसली होती. देवपूरच्या या चर्चचे आणि हॉलचे सगळे जुने कागद सोमवारी पुण्याला, फादर लोकांच्या संघाच्या दप्तरखान्यात जायचे होते. बाप्तिस्म्याच्या वह्या, विवाहाच्या वह्या, हॉलचे नकाशे, कसरीने चाळण केलेली पत्रं. फादर अभिमनने तिला गळ घातली होती, “मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आणि तुम्हाला माणसं माहीत.” अक्षराचं ठीक होतं. माणसं माहीत असण्याचा त्रास असा असतो, हे तिला आत्ता कळत होतं.

परवा, रविवारी, हॉलला पन्नास वर्षं होणार होती, आणि त्यात पहिलं लग्न लागलेल्या जोडप्याचा सत्कार होता. ते जोडपं म्हणजे पुष्पाचे आईबाप, चुडामण आबा आणि तानुबाई, हे अख्ख्या देवपूरला पाठ होतं. पटत नव्हतं ते एकट्या झुलाल नानांना. आबांचे हे धाकटे भाऊ रेल्वेतून निवृत्त होऊन जळगावला राहायचे आणि जुन्या गोष्टी उकरायला वेळ त्यांच्याकडे भरपूर होता. “भाऊच्या लग्नात हॉलला छप्पर अर्धं होतं,” ते म्हणायचे. “अर्ध्या छपराला हॉल नाही म्हणत, मांडव म्हणतात. पूर्ण हॉलमधलं पहिलं लग्न माझं.” तीन दिवसांच्या फरकावर दोघा भावांनी पन्नास वर्षं काढली होती. विहिरीवरचं भांडण मिटलं, घराची वाटणी झाली, ती झाल्यावर रडून गळ्यात पडणं झालं. हे तेवढं शिल्लक होतं.

“पुष्पे, वही बघ आणि लावून टाक निकाल,” असं सकाळीच नाना सांगून बसले होते. निकाल लागला होता. तो घरी कसा न्यायचा हा प्रश्न होता.

मायला एकटीला गाठून सांगायचं, असं ठरवून ती घरी गेली. पण घरात जळगावची मंडळी होती, नानांनी आणलेली पोतंभर वांगी होती, आणि मागच्या अंगणात काट्याकुट्यांच्या जाळावर माय ती वांगी भाजत होती. धुराने सगळ्यांचे डोळे लाल. ताईबाई काकू मिरच्या निवडत होत्या. आबा आणि नाना दोन बाजांवर समोरासमोर, बुद्धिबळाच्या राजांसारखे.

“मग? कोण पहिलं?” नानांनी तिला चपला काढू दिल्या नाहीत.

“नाना, आधी हातपाय धुऊ द्या.”

“हात धुऊन उत्तर बदलणार आहे का?”

पुष्पा पंचवीस वर्षं शाळेत शिकवत होती. पोरांचं खोटं पकडण्यात तिचा हातखंडा होता. स्वतःला मात्र खोटं बोलणं कधी जमलं नाही. “तुमची नोंद आहे, नाना. तेवीस तारखेची.”

“आणि आमची?” आबा.

तिने मायकडे पाहिलं. माय वांगं फिरवत होती.

“तुमची... ओळ आहे. नाव आहे. पण नोंद केलेली नाही.”

नाना हसायला लागले. ते हसणं खोकल्यात गेलं, खोकल्यातून परत हसण्यात आलं. “म्हणजे, भाऊ, तुझं लग्नच नाही झालेलं! अरे, पन्नास वर्षं तू बिनलग्नाचा!”

“मी काय पळवून आणली हिला?” आबा बाजेवरून उठलेच. “बठ्ठं देवपूर जेवलं! ढोल होता! तू स्वतः तीनदा लापशी घेतली होतीस!”

“लापशीची नोंद असते का वहीत?”

“असं काय बोलता?” ताईबाई काकूंनी नवऱ्याला दटावलं, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं. मोठ्या जावेच्या आधी आपलं लग्न लागलं, हा विचार त्यांच्या मनात आयुष्यात पहिल्यांदाच येत होता आणि तो काही वाईट नव्हता.

पुष्पाचा धाकटा भाऊ छगन आतून धावत आला. तो एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता आणि कागद म्हटला की त्याला घाम फुटायचा. “अक्का, म्हणजे आपण कोण मग? माझ्या दाखल्याचं काय?”

“तू आहेस तोच आहेस. बस खाली,” पुष्पा म्हणाली.

मायने शेवटचं वांगं ताटात काढलं, पाण्याने हात धुतले, ते पदराला नीट पुसले. मग ती ओसरीवर गेली, पाहुण्यांसाठी मांडलेल्या पाटांपैकी एकावर, ताईबाई काकूंच्या शेजारी जाऊन बसली, आणि सुनेला हाक मारली.

“मंदा, वाढ वं बेटा. पाहुनीले आगोदर वाढतस.”

“कोन पाहुनी?” आबा.

“मी. लगीन नही, तं मी पाहुनीच ना? पन्नास वरीसनी.”

मंदाने सासूकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि पहिली भाकरी सासूच्या ताटात घातली. घरातली पहिली आघाडी तिथे झाली. भरीत कालवायला मायशिवाय कोणाचा हात नव्हता. ते त्या दिवशी छगनने कालवलं आणि मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी गुपचूप खाल्लं. मायने मात्र “छान व्हयनं” म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आबांनी स्वतःच्या हाताने दोनदा चहा केला. पहिला उतू गेला.

*

“नियमाने काही अडचण नाही,” शनिवारी सकाळी फादर अभिमन म्हणाला. तो नवापूरकडचा, तिशी नुकतीच ओलांडलेला, आणि धर्मशास्त्रापेक्षा मोटारसायकल जास्त सफाईने चालवणारा. “पन्नास वर्षांचा संसार आहे. लग्न झालंच आहे असं धरायचं. मी शेरा मारतो, सही करतो. फक्त आज-उद्याच व्हायला हवं. एकदा वही पुण्याला गेली की तिच्यात नवा शब्द घालता येत नाही.”

“पण ‘थांबावे’ का लिहिलं असेल?”

“ते तेव्हाच्या लोरेंत्झ फादरांचं अक्षर आहे. ते असते तर त्यांनाच विचारलं असतं.” मग त्याला आठवलं. “त्यांची एक चोपडी आहे. संघाची अधिकृत रोजनिशी लॅटिनमध्ये. ही वेगळी. मराठीचा सराव व्हावा म्हणून लिहायचे ते. मी दोन पानं वाचली आणि हसून सोडून दिली.”

ती चोपडी नकाशांच्या गुंडाळीत सापडली. जाड निळं पुठ्ठ्याचं कव्हर, आत टाकाने काढलेली मोठमोठी, शाळकरी अक्षरं. पुष्पाने सवयीने लाल पेन्सिल शोधली, मग स्वतःचीच लाज वाटून हात मागे घेतला. नोव्हेंबर अडतीसचं पान उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

ती तशीच घरी गेली. माय मागच्या दारी उन्हात केस वाळवत होती. पुष्पाने चोपडी तिच्यासमोर धरली. “माय, यात तुझं आहे. तू सांगशील तर वाचते, नाहीतर फादरांना सांगून बाजूला ठेवते.”

मायने अक्षराकडे पाहिलं. वाचता तिला थोडंफार यायचं. बराच वेळ ती त्या एका पानावरून बोट फिरवत राहिली.

“दुपारले हॉलमां वाच,” ती म्हणाली. “बठ्ठास्ना समोर.”

*

दुपारी सगळे हॉलमध्येच होते. छगन शिडीवर चढून पताका लावत होता, मंदा आणि ताईबाई काकू झेंडूच्या माळा ओवत होत्या, नाना कोणतं कौल कोणत्या दिवशी बसलं हे खालून हाताने दाखवत होते. तेव्हा चर्च बांधलेलं नव्हतं. हाच हॉल म्हणजे प्रार्थनेची जागा, हाच शाळा, हाच दवाखाना. आबा भिंतीशी खुर्ची टाकून एकटे बसले होते. सुतारकाम त्यांचंच होतं इथलं, वयाच्या विसाव्या वर्षीचं. वरच्या तुळया त्यांनी तासल्या होत्या.

पुष्पा मध्ये उभी राहिली आणि वर्गात वाचते तशी वाचू लागली.

“‘वीस नोव्हेंबर. रविवार. आज नवीन सभागृहात पहिली लग्न. छप्पर अर्धी आहे. नवरा सकाळी दहा वाजेपर्यंत छपरावर होता. मी म्हटले, योसेफ चुडामण, खाली ये, आज तुझी लग्न आहे. तो म्हणाला, फादर, चार कौले राहिला.’”

नानांनी मांडीवर थाप मारली. “अर्धं छप्पर! लिहिलंय बघा!”

“अहो, गप्प,” ताईबाई काकू म्हणाल्या. त्यांचे हात माळेवर थांबले होते.

“‘मी मुलीला विचारले, मार्था तानुबाई, तू या पुरुषाला आपला पती म्हणून स्वीकारतेस काय? नवरा म्हणाला, हो. मी म्हटले, तुला विचारले नाही. लोक हसली. मी दुसऱ्यांदा विचारले. मुलीचा काका म्हणाला, हो हो. मी म्हटले, तुझ्याशी कोण लग्न करतो? मी तिसऱ्यांदा विचारले. मुलीने मान हलवली. परंतु या देशात मान हलते तेव्हा ती हो म्हणते की नाही म्हणते, हे मला चार वर्षांत समजले नाही.’”

शिडीवरून छगन एवढ्या जोरात हसला की पताका सुटून खाली आली. आबा हसले नाहीत.

“‘ढोल वाजला. मी आशीर्वाद दिला. मान हो म्हणाली असेल तर देव समजेल. परंतु वहीत शाईने लिहिले नाही. ती स्वतः येऊन तोंडाने सांगेल तेव्हा लिहीन. जागा ठेवली आहे.’”

पुष्पाने पानं उलटली. “‘सात डिसेंबर. मार्था आली. मी वही काढली, विचारले. ती हसली, दिव्यासाठी वात मागितली आणि गेली.’ ‘अकरा फेब्रुवारी. मार्था आली. विचारले. ती म्हणाली, फादर, तुम्ही भाकरी खाल्ली का? हे उत्तर नाही.’ अशा... नऊ वेळा आहे.” तिने शेवटचं पान काढलं. “शेवटचं सप्टेंबर एकोणचाळीसचं. ‘लढाई सुरू झाला. मी जर्मन आहे म्हणून पोलीस उद्या मला नगरच्या छावणीत नेतील. वह्या कपाटात आहेत. सतरा नंबरची जागा रिकामी आहे. पुढच्या फादरांनी घाई करू नये.’”

पुढच्या फादरांनी घाई केली नाही. पन्नास वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

“नऊ वेळा?” आबा हळूच म्हणाले. “तू नऊ वेळा गेलीस, आणि एकदाही...?”

माय एरवी अहिराणीत बोलायची. पण या हॉलमध्ये, वेदीसमोर, सिस्टरांकडे शिकलेली तिची मराठी बाहेर यायची. तीही सावकाश, घडी मोडल्यासारखी.

“मी सोळा वर्षांची होते,” ती म्हणाली. “धरणगावहून सिस्टरांकडे शिवण शिकायला आले होते. सोयरीक काकाने ठरवली. लुगडं मामीने ठरवलं. दिवस तुमच्या कौलांवरून ठरला. आणि इथे उभी राहिले, तर हा गोरा माणूस मलाच विचारतो, तुला पाहिजे का. मला! तोवर मला कोणी ‘भाजी कोणती करू’ एवढंही विचारलेलं नव्हतं.” ती थोडी हसली. “इतकं गोड वाटलं ते. वाटलं, लगेच कशाला संपवायचं? अजून एकदा विचारू दे.”

“आणि नंतर?” ताईबाई काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

“नंतरही तेच. हो म्हटलं असतं तर त्यांनी वही मिटली असती. घरी सासू होती, दीर होते, काम होतं. महिन्यातून एकदा इथे यायचं आणि एक माणूस पेन उचलून माझ्या तोंडाकडे बघत थांबायचा. मग त्यांना नेलं.” तिने खांदे उडवले. “पुढे कोणी विचारलं नाही.”

ताईबाई काकूंनी माळ बाजूला ठेवली, उठल्या आणि जाऊन थोरल्या जावेच्या शेजारी बसल्या. आता नाना एकटे पडले, आणि त्यांना ते समजलंही. त्यांनी कौलांकडे बोट दाखवणं बंद केलं.

*

संध्याकाळ व्हायच्या आधी पुष्पाला आबा हॉलच्या पायऱ्यांवर सापडले. समोर पांझरा नदीकडे जाणारा रस्ता, सायकली, कॉलेजच्या पोरी.

“उद्या ती नाही म्हणाली तर?” त्यांनी एकदम विचारलं.

“आबा! पाच लेकरं झाली.”

“लेकरं विचारून होतात का?” ते रागावून म्हणाले, आणि मग आपणच काय बोललो ते ऐकून रस्त्याकडे बघू लागले. “मला वाटायचं, मी बरा होतो. कधी हात नाही उगारला. दारू नाही. तिला आवडतात म्हणून धरणगावच्या बोरांची टोपली आणायचो दरसाल.”

“तिला बोरं आवडतात?”

“आवडतात ना.” त्यांनी विचार केला. “म्हणजे, खायची ती. विचारलं नाही कधी.”

पुष्पाला हसू आलं आणि तिने ते गिळलं. तिचं स्वतःचं लग्न आठवलं: ती ‘हो’ म्हणाली तेव्हा मावशी तिच्या निऱ्या सावरत होती आणि तिला प्रश्न नीट ऐकूही आला नव्हता. नवरा चांगला निघाला, लवकर गेला. त्यालाही तिने कधी काही विचारलं नव्हतं, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

“मग आता विचारा,” ती म्हणाली.

“एवढ्या लोकांत? झुलाल तिथे बत्तीस दात काढून बसेल.”

“नानांना बारा दात उरलेत. विचारा.”

*

रविवारी सकाळची मिस्सा-प्रार्थना झाली, भाषणं झाली, दोन भाषणं जास्तच झाली. मग फादर अभिमनने हॉलमध्ये टेबल मांडून विवाहवही उघडली आणि सतरा नंबरवर बोट ठेवलं. “मी विचारू, का...” असं म्हणत त्याने आबांकडे पाहिलं.

आबा उठले. धुतलेलं धोतर, नवी टोपी.

“पुष्पानी माय,” त्यांनी सुरुवात केली.

“वहीत हे नाव नाही,” माय म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. आबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. उखाण्यात एकदा घेतलं असेल, तेही पुटपुटून.

“तानुबाई,” ते म्हणाले. मग घसा साफ करून, जरा हळू, “तानू. मन्हासंगे ऱ्हाशी का?”

माय त्यांच्याकडे नुसती बघत होती. पुष्पाला वाटलं, आईचा चेहरा असा आपण कधी पाहिलाच नाही. कामातून मान वर काढलेला, रिकामा, निवांत.

“तानू, ऱ्हाशी का?”

नाना पुटपुटले, “वहिनी, बोला आता, भाऊला दम लागेल.” काकूंनी त्यांना कोपर मारलं.

“अजून एकदा,” माय म्हणाली.

आबांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “तानू,” ते म्हणाले, आणि आवाज फाटला. “मी इचारी राहिनू. तुले पटस का? नही पटत व्हई तं नही सांग. मी ऐकसू.”

“हो,” माय म्हणाली. मान न हलवता, खणखणीत, मागच्या रांगेतल्या बहिऱ्या नथ्थूलाही ऐकू जाईल असं.

पुढचा काही वेळ ढोलाखेरीज कोणाचंच ऐकू आलं नाही. नानांनी त्यातूनही ओरडून घेतलं, “म्हणजे पहिलं लग्न आमचंच ठरलं हं! कायद्याने!”

“तुमचं पहिलं, भाऊजी,” माय म्हणाली. “आमचं ताजं.”

फादर अभिमनने पेन उघडलं आणि अडला. “तारीख कोणती घालू? अडतीसची की आजची?”

“अडतीसची!” छगन घाईने म्हणाला. “नाहीतर आम्ही...”

“यांचं अडतीस सालचं लिहा,” मायने नवऱ्याकडे हात केला. “ते तेव्हाच हो म्हणाले होते, विचारायच्या आधीच. माझं आजचं लिहा.”

“अशी दोन तारखांची नोंद मी कधी पाहिली नाही,” फादर म्हणाला.

“मग आता पाहा.”

त्याने लिहिलं. एका ओळीत दोन तारखा, मध्ये पन्नास वर्षं. शेवटी मायने पेन हातात घेतलं, अंगठ्याची शाई बाजूला सारली, आणि एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहायला बसली. त्याला वेळ लागला. आबा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“काय बघताय? पुसून नाही टाकत,” ती म्हणाली.

“नही, नही,” आबा म्हणाले. पण जेवणाची पंगत बसली, माणसं हाका मारायला लागली, तरी शाई वाळेपर्यंत ते त्या वहीजवळून हलले नाहीत.